धावणाऱ्यांच्या ग्रुपनं सामाजिक काम कसं सुरू करावं? कराडच्या मित्रांना सविस्तर उत्तर

कराडमधल्या धावणाऱ्यांच्या एका ग्रुपनं विचारलं आहे: "आम्ही पन्नासेक जण तीन वर्षांपासून दर रविवारी पहाटे प्रीतिसंगमावर जमून धावतो. डॉक्टर, शिक्षक, दुकानदार, शेतकरी, गृहिणी असे सगळे आहेत. आता समाजासाठीही काही करावं असं सगळ्यांच्या मनात आहे. दहा किलोमीटरची चॅरिटी रन भरवून फीमधून उरलेले पैसे एखाद्या संस्थेला द्यावेत असं चाललं आहे. हे कसं करावं? संस्था कशी निवडावी? ट्रस्ट नोंदवावा लागेल का?"

पुण्यात धावणाऱ्यांचे ग्रुप बांधण्यात आणि त्यांना संस्थांशी जोडून देण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या अनुभवावरून आधी सरळ उत्तर देते. पहिल्या वर्षी स्पर्धा भरवू नका. एक काम निवडा आणि त्याला वर्षभर महिन्यातले दोन रविवार द्या. निधी जमवायचा असेल तर जरूर जमवा, पण स्पर्धेच्या फीमधून जमवायला जाऊ नका.

आधी फीचा हिशेब बघू. समजा ४०० जण आले आणि फी ६०० रुपये ठेवली, तर जमा झाले २,४०,००० रुपये. टी-शर्टला १७०, मेडलला ९०, बिब (छातीवर लावायचा नंबर) आणि वेळ मोजणाऱ्या टायमिंग चिपला १००, पाणी-केळी-नाश्त्याला १०० धरा. माणशी ४६० झाले, म्हणजे १,८४,००० रुपये गेले. उरलेल्या ५६,००० मध्ये मंडप, ध्वनिक्षेपक, रुग्णवाहिका, फिरती शौचालयं, रस्त्यावरचे फलक आणि छपाई बसवायची आहे. ते ५०,००० मध्ये बसवलंत तर संस्थेच्या हाती सहा हजार पडतात. दर तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चित्र फारसं बदलणार नाही. शिवाय फुकट बिब मागणारे ओळखीचे लोक असतातच आणि पाहुण्यांचे सत्कारही असतात. हे सगळं उभं करायला तुमच्यातल्या पंधरा जणांच्या चार महिन्यांच्या संध्याकाळी जातात. तेच सहा हजार त्या पंधरा जणांनी खिशातून काढले असते तर माणशी चारशे रुपये पडले असते.

प्रायोजक मिळाला तर गणित सुधारतं, हे खरं. पण मग फ्लेक्सवर कोणाचा फोटो केवढा, यात तुमचा वेळ जाऊ लागतो आणि ज्या कामासाठी निघालात ते मागे पडतं.

मग जगभर धावण्यातून एवढा पैसा उभा राहतो तो कुठून? लंडन मॅरेथॉन १९८१ साली सुरू झाली आणि तिच्यातून आजवर एक अब्ज पौंडांहून जास्त निधी उभा राहिला आहे. त्यातला बहुतेक पैसा धावणाऱ्याच्या शेजाऱ्यांनी, ऑफिसातल्या माणसांनी आणि नातेवाइकांनी दिलेला आहे. धावणारा म्हणतो, "मी या कर्करोग रुग्णालयासाठी ४२ किलोमीटर धावतोय, तुम्ही त्यांना काही द्याल का?" आणि लोक देतात. २००४ पासून होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनमध्येही हेच चालतं. तिथं देणग्यांचं काम युनायटेड वे मुंबई ही संस्था सांभाळते आणि धावणारे आपापल्या आवडीच्या संस्थेसाठी निधी मागतात.

कॅनडाच्या टेरी फॉक्सचं उदाहरण तर मी प्रत्येक नव्या ग्रुपला सांगते. हाडाच्या कर्करोगात त्याचा उजवा पाय गेला होता. १९८० साली कृत्रिम पाय लावून तो कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरून निघाला. रोज साधारण एक मॅरेथॉन, असे १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर. मग कर्करोग फुप्फुसात पसरल्यामुळे त्याला थांबावं लागलं आणि १९८१ च्या जूनमध्ये, बावीस वर्षांचा असताना, तो गेला. त्याच्या नावानं १९८१ पासून जी धाव होते, तिला प्रवेश फी नाही, नंबर नाहीत, बक्षिसं नाहीत. ज्याला जे द्यायचं ते त्यानं द्यावं. इतकं साधं ठेवूनही कर्करोग संशोधनासाठी ८० कोटी कॅनेडियन डॉलरहून जास्त रक्कम जमली. आपल्याला एवढे आकडे गाठायचे नाहीत, पण यातली पद्धत कराडला जशीच्या तशी वापरता येते. फी आणि देणगी यांची सरमिसळ करू नका. धावणं फुकट किंवा खर्चापुरतं ठेवा, आणि देणगी वेगळी मागा.

तुमच्यातले काही जण दरवर्षी सातारा हिल हाफ मॅरेथॉन किंवा मुंबईची फुल करत असतीलच. त्यांच्यातले फक्त आठ जण निवडा. प्रत्येकानं तीस माणसांना विचारायचं. व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवून काहीही येत नाही. फोन करायचा किंवा घरी जाऊन सांगायचं. पहिली देणगी धावणाऱ्यानं स्वतःची टाकायची, कारण समोरचा पहिला प्रश्न तोच विचारतो. रक्कम ठोस मागायची: "पाचशे रुपये दिलेत तर एका मुलीचा महिन्याचा बसपास होतो" असं म्हटलं की माणूस लगेच ठरवू शकतो, "यथाशक्ती द्या" म्हटलं की तो नंतर बघतो म्हणतो. आणि शर्यत झाल्यावर त्या प्रत्येकाला दोन ओळी पाठवायच्या, आपली वेळ, जमलेली रक्कम आणि ती कशाला लागली ते. हे शेवटचं जे करतात त्यांना पुढच्या वर्षी मागावं लागत नाही, लोक आपणहून विचारतात.

पैशाच्या बाबतीत एक गोष्ट मी कधीही सैल सोडत नाही. देणगी कोणाही सदस्याच्या खात्यात, त्याच्या मोबाइल नंबरवर, क्षणभरासाठीसुद्धा येता कामा नये. देणाऱ्यानं थेट संस्थेच्या बँक खात्यात भरायची आणि पावती संस्थेनं द्यायची. ग्रुपकडे फक्त यादी राहील. यात कोणावर अविश्वास नाही. उलट, वर्षानुवर्षं एकत्र धावणाऱ्या मित्रांमध्ये हिशेबावरून कटुता येऊ नये याची ही काळजी आहे. मी तुटलेले ग्रुप पाहिले आहेत, आणि ते जवळजवळ सगळे दहा-वीस हजारांच्या तोंडी हिशेबावरून तुटले.

कराच्या सवलतीबद्दल लोक हमखास विचारतील, म्हणून एवढं माहीत असू द्या. संस्थेकडे ८०-जी ची मान्यता असेल तर देणगीदाराला वजावट मिळते, बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्मी. पण ती जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच मिळते, नव्या प्रणालीत नाही. दोन हजारांपेक्षा जास्त रक्कम रोख दिली तर तीही धरली जात नाही. आणखी एक अडचण आपल्याकडे घराघरात आहे: परदेशातले नातेवाईक. अमेरिकेतल्या भाच्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो. त्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर, ओसीआय कार्ड असलं तरी, कायद्यानं ती परदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी नसलेली संस्था ती घेऊ शकत नाही. भाच्याचा हेतू चांगला असतो, पण त्यापायी छोटी संस्था अडचणीत येते. आधीच विचारून घ्या.

हे झालं पैशाचं. पण पैशासाठी संस्थांना तुमच्याकडे यायची तशी गरज नाही, साखर कारखाने, पतसंस्था, डॉक्टर मंडळी देणग्या देतातच. तुमच्याकडे जे आहे ते दुसऱ्या कोणाकडे नाही: थंडीपावसात पहाटे साडेपाचला न चुकता हजर होणारी पन्नास धडधाकट माणसं. कुठल्याही संस्थेच्या व्यवस्थापकाला विचारा. वाढदिवसाला केक घेऊन येणारे पुष्कळ असतात, दर रविवारी येणारा एकही नसतो. लंडनमध्ये गुडजिम नावाचा उपक्रम याच जाणिवेतून निघाला. तिथले धावणारे धावत जातात, कुठं सार्वजनिक बागेची माती ओढून देतात, कुठं एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी दर आठवड्याला थोडा वेळ बसून परत धावत येतात. त्या आजी-आजोबांना ते 'कोच' म्हणतात, कारण त्यांच्यामुळे धावणाऱ्याचा नेम टिकतो. मला हे फार आवडतं. कराडातही मुलं पुण्या-मुंबईला किंवा परदेशी आणि आईवडील वाड्यात एकटे अशी घरं काही कमी नसतील. तुमच्या रविवारच्या वाटेवर अशी चार घरं असली तर तेवढंच काम वर्षभर पुरेल.

आता मला सगळ्यात जवळच्या कामाबद्दल जरा विस्तारानं सांगते: दृष्टिहीन धावपटूंचा गाइड होणं.

पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिम्पिकमध्ये सिमरन शर्मानं २०० मीटरमध्ये कांस्य जिंकलं तेव्हा तिच्याबरोबर दोरीनं जोडलेला अभय सिंह धावत होता, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. त्या खेळाचा एक नियम आहे की गाइडनं खेळाडूला पुढे ओढायचं नाही आणि अंतिम रेषा खेळाडूनं आधी ओलांडायची. मी आमच्याकडे येणाऱ्या नव्या गाइडला सगळं प्रशिक्षण या एका नियमावरून देते. धाव त्याची आहे, वेग तो ठरवेल, थांबायचं कधी तेही तोच सांगेल.

साधन म्हणाल तर बुटाची एक लेस, दोन्ही टोकांना फास. ती बोटांत धरायची, मनगटाला बांधायची नाही, म्हणजे एक जण अडखळला तर दुसरा त्याच्याबरोबर पडत नाही. दोघांचे जवळचे हात एका लयीत पुढे-मागे गेले पाहिजेत, ते दोन-तीन रविवारांत जमतं. गाइडचा नेहमीचा वेग जोडीदारापेक्षा आरामात जास्त हवा, कारण त्याला सतत बोलायचं असतं: "पुढे गतिरोधक, तीन, दोन, एक", "डावीकडे हलकं वळण", "इथून खडी", "उजवीकडून गाडी जाते आहे, तू सरळच". "जपून" हा शब्द कामाचा नाही, त्यातून काहीच कळत नाही. काय आहे आणि किती पावलांवर आहे ते सांगायचं. गाइड होण्याआधी प्रत्येक सदस्यानं मैदानावर डोळ्यांना पट्टी बांधून दुसऱ्याच्या आवाजावर शंभर-दोनशे मीटर धावून बघावं. पावलं आपोआप आखडतात, खांदे कानापर्यंत वर येतात, आणि गाइडनं एक सेकंद आधी आवाज दिला तर शरीर कसं मोकळं होतं ते कळतं. हे कितीही वेळ तोंडानं समजावलं तरी कळत नाही.

सुरुवात प्रौढांपासून करा. बँकेत, शाळेत, टेलिफोन खात्यात नोकरी करणारे दृष्टिहीन स्त्री-पुरुष तुमच्या आसपास असतील. ते आपला निर्णय आपण घेतात. शाळेतल्या मुलांबरोबर काम करायचं तर मुख्याध्यापकांची लेखी परवानगी हवी, पालकांना माहीत हवं, आणि एका मुलाबरोबर कधीही एकटा मोठा माणूस नको, नेहमी दोघं. मुलींसाठी बाई गाइडच. तुमच्या ग्रुपमध्ये बायका कमी असतील तर आधी त्या वाढवा. मिलिंद सोमणच्या पुढाकारानं २०१२ मध्ये मुंबईत पिंकथॉन ही बायकांची धाव सुरू झाली आणि तिच्यात दृष्टिहीन बायकाही आल्या, ते बायकांनी बायकांना बरोबर आणल्यामुळे शक्य झालं.

आणि एक गोष्ट, जी बाहेरून दिसत नाही. या कामात धावणं हा सोपा भाग आहे. अवघड भाग आहे माणसाला पहाटे मैदानापर्यंत आणणं आणि परत पोचवणं. त्या वेळी रिक्षा नसते, एसटी सोयीची नसते. म्हणून आमच्याकडे दर जोडीला दोन गाइड आणि एक गाडीवाला ठरलेला असतो आणि शनिवारी रात्री नऊच्या आत फोन करून पक्कं केलं जातं. गाइड आला नाही तर आपल्यासाठी तो एक चुकलेला रविवार असतो. समोरचा माणूस मात्र पहाटे चारला उठून, कपडे घालून दाराशी उभा असतो. दोनदा असं झालं की तो तिसऱ्यांदा येत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. एवढी हमी देता येत नसेल तर हे काम घेऊ नका, रक्तदान शिबिर घ्या, तेही तितकंच मोलाचं आहे.

रक्तदानाचं बोलायचं तर वेळापत्रक नीट लावा. बहुतेक ग्रुप आपल्या वर्धापनदिनी शिबिर घेतात, आणि तो बहुधा स्पर्धांच्या हंगामात येतो. रक्त दिल्यावर पाण्याचा अंश एक-दोन दिवसांत भरून येतो, पण लाल पेशी भरायला काही आठवडे लागतात आणि तोवर दम लवकर लागतो. त्यामुळे जानेवारीच्या मॅरेथॉनची तयारी करणारा माणूस डिसेंबरात रक्त द्यायला कां-कूं करतो. उलट एप्रिल-मेमध्ये महाविद्यालयं बंद असतात, शिबिरं होत नाहीत आणि रक्तपेढ्यांमध्ये दरवर्षी टंचाई येते. तोच काळ धावणाऱ्यांच्या विश्रांतीचा. शिबिर तेव्हाच ठेवा, पहाटेच्या धावेनंतर लगेच नको, धावेला सुट्टी देऊन. हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली असेल तर रक्त घेत नाहीत, आणि लांब धावणाऱ्या बायकांमध्ये ते कमी असणं नेहमीचं आहे. ज्यांना परत पाठवलं जाईल त्यांची यादी तुमच्या ग्रुपमधल्या डॉक्टरांकडे द्या आणि त्यांच्या तपासण्या करून घ्या. पुरुषांनी ९० दिवसांनी आणि स्त्रियांनी १२० दिवसांनी पुन्हा द्यायला हरकत नाही, म्हणजे पहिलं एप्रिलअखेर घेतलंत तर ऑगस्टअखेर दुसरं शिबिर बसतं.

तुमच्या भागासाठी मात्र मला एक वेगळंच काम सुचवायचं आहे, आणि पहिल्या वर्षासाठी मी तेच निवडेन.

तुम्ही अंधारात रस्त्यावर असता. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोडणी सुरू झाली की मार्चपर्यंत पहाटेच्या रस्त्यावर तुमच्याबरोबर कोण असतं? उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरमागच्या दोन-दोन ट्रॉल्या. बऱ्याच गाड्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर लावलेला असला तर चिखलानं किंवा बाहेर आलेल्या उसानं झाकलेला असतो. धुक्यात मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला ट्रॉली दिसते ती आदळताना. दर हंगामात अशा अपघाताच्या बातम्या येतात आणि त्यात कोवळी मुलं जातात. गाडीवर झोपलेलं ऊसतोड कुटुंबही त्यात सापडतं. हा धोका कराडात तुमच्याइतका जवळून कोणी बघत नाही.

कारखाने आणि आरटीओ हंगामाच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावतात, पण तो एक दिवसाचा कार्यक्रम असतो. खरं काम त्यानंतरच्या पाच महिन्यांचं आहे. गाड्या वजनकाट्याबाहेर गाडीतळावर तासन्‌तास नंबर लावून उभ्या असतात, तिथं रविवारी सकाळी सहा-सात जणांनी जायचं. कारखान्याच्या शेती विभागाची आणि सुरक्षा अधिकाऱ्याची आधी परवानगी घ्या. फडक्यानं जुनी पट्टी पुसायची, फाटली असेल तर नवी लावायची, मागे लाल, पुढे पांढरी, बाजूला पिवळी. मागच्या बाजूला ऊस लोंबत असतो, तिथं चिकटपट्टीचा उपयोग होत नाही. त्याऐवजी चमकणारी पट्टी शिवलेलं जाड कापड दोरीनं बाहेरून लटकवा, ऊस उतरवल्यावर गाडीवान ते काढून ठेवतो. बैलगाडीला मागच्या आडव्या दांड्यावर आणि जुवाच्या दोन्ही टोकांना. कापड शिवायचं काम तुमच्यातल्याच कोणाकडे किंवा बचत गटाकडे द्या. गाडीवानांशी बोलताना उपदेश नको. हे लोक बीड, जत, आष्टीकडून आलेले असतात, रात्रभर जागे असतात. चहा बरोबर न्या आणि आधी त्यांचं ऐका. तीन-चार रविवार गेलात की ते स्वतःच हाक मारून पट्टी मागतील. तिथंच तुम्हाला त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या दिसतील, शाळा बुडालेली मुलं दिसतील, आणि पुढच्या वर्षाचं काम कोणतं तेही समजेल. त्या वेळी साखरशाळेच्या, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या शाळेच्या, शिक्षकांना किंवा आशा सेविकेला विचारूनच पुढचं पाऊल टाका. पोचल्या पोचल्या खाऊवाटप सुरू करू नका.

जुन्या बुटांबद्दलही विचारलं जाईल. पाच-सातशे किलोमीटर धावून गादी बसलेला बूट दुसऱ्या धावणाऱ्याला देऊ नये, त्याचे गुडघे दुखतील. मुंबईची ग्रीनसोल ही संस्था असे बूट घेऊन त्यांच्यापासून चपला बनवते आणि त्या शाळकरी मुलांपर्यंत पोचवते. गोणी भरून तिकडे पाठवा.

गरीब घरातल्या धावपटूंना मदत करायची इच्छा मात्र तुमच्याच जिल्ह्यात पुरी होऊ शकते. ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोही गावची. रिओ ऑलिंपिकमध्ये ती तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत पोचली, दहावी आली. ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत पात्रता फेरीतून अंतिम फेरी गाठणारी भारतीय बाई १९८४ च्या पी. टी. उषानंतर तीच. कविता राऊत नाशिकजवळच्या सावरपाड्याची, अविनाश साबळे आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. दुष्काळी आणि आदिवासी मुलखातून आलेली ही नावं आहेत, आणि त्यांच्या मागे अशी कितीतरी पोरं दहावीनंतर धावणं सोडून देतात. त्यांना लागतं ते मोठं काही नसतं: वर्षाला दोन जोड बूट, एक जोड स्पाइक्स (खिळ्यांचे बूट), जिल्हा आणि राज्य स्पर्धेचा प्रवास, रोज अंडी-दूध, वर्षातून दोनदा रक्ताची तपासणी. पण मदत कोणत्या मुलीला करायची हे तुम्ही ठरवू नका. तालुक्याच्या क्रीडाशिक्षकाला आणि तिच्या प्रशिक्षकाला विचारा. एकदाच धनादेश देऊन फोटो काढण्यापेक्षा दोन मुलींची तीन वर्षांची जबाबदारी घ्या. पहिल्याच वर्षी ती हरली, आजारी पडली, तिचं लग्न ठरवायची घरात चर्चा सुरू झाली, तर त्या वेळी तिच्या बाजूनं बोलायला घरच्यांच्या ओळखीची चार मोठी माणसं असणं हे बुटांइतकंच लागतं.

संस्था कशी निवडावी, याचं माझं उत्तर छोटं आहे. तिथं आधी न सांगता दोनदा जा. संस्था चालवणारा माणूस रोज तिथं असतो का बघा. लेखापरीक्षण झालेला ताळेबंद मागा, चांगली संस्था लगेच दाखवते. आणि त्यांना विचारा, "तुम्हाला काय हवंय?" उत्तर "पैसे" असं आलं तरी एक प्रश्न पुढे विचारा, "आणि कोणत्या कामाला माणूस मिळत नाही?" त्या दुसऱ्या उत्तरात तुमचं काम असतं. फार लांबची संस्था नको. तुमच्या धावण्याच्या वाटेवर किंवा दुचाकीवर वीस मिनिटांत पोचता येईल अशी हवी, नाहीतर पावसाळ्यात जाणं थांबतं.

ग्रुपच्या आतली गोष्ट. पन्नासमधले पन्नास जण यात येणार नाहीत आणि यावेत असा आग्रह धरू नका. कोणी मधुमेहासाठी धावतो, कोणाला घरच्या व्यापातून तो एकच तास मोकळा मिळतो. त्यांचं धावणं कमी दर्जाचं नाही. बारा-पंधरा जण पुरतात. त्यांच्यासाठी वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप करा, नाहीतर मुख्य ग्रुपवर रोजच्या निरोपांनी बाकीचे वैतागतात. कामाचे रविवार महिन्यातून दोन ठेवा, बाकीचे दोन सगळ्यांनी मिळून धावायचे. हे मी फार कळकळीनं सांगते. सामाजिक कामाच्या ओढीत ज्या ग्रुपनं एकत्र धावणं सोडलं, त्यांचं कामही वर्षा-दोन वर्षांत थांबलेलं मी पाहिलं आहे, कारण माणसं एकमेकांना बांधलेली होती ती त्या पहाटेच्या धावण्यानं. निवडणुकीच्या वर्षी टी-शर्ट द्यायला इच्छुक उमेदवार येतील. सगळ्यांना सारख्याच नम्रपणे नाही म्हणा, आणि ते आधीच बैठकीत ठरवून ठेवा.

वर्ष पूर्ण झाल्यावर स्पर्धा भरवावीशी वाटली तर टी-शर्ट आणि मेडल काढून टाका, अंतर पाच किलोमीटर ठेवा, फी शंभर रुपये. पोलीस ठाणं, वाहतूक शाखा आणि नगरपालिका यांची लेखी परवानगी, एक रुग्णवाहिका, ग्रुपमधल्या डॉक्टरांपैकी दोघं न धावता रस्त्यावर, आणि स्टीलचे पेले. सकाळी सातच्या आत संपवा.

ट्रस्टबद्दल: देणगी थेट संस्थेला जात असेल आणि तुम्ही फक्त अंगमेहनत देत असाल तर पहिल्या वर्षी नोंदणीची गरज नाही. लोकांकडून ग्रुपच्या नावानं वर्गणी गोळा करायची झाली तर मात्र गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी घ्यावी लागते. पुढे कायमचं काम उभं राहिलं तर किमान सात सदस्यांची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि त्याबरोबर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदवता येते. पण मग दरवर्षी लेखापरीक्षण, सभेचं इतिवृत्त, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, हे सगळं आलं. ते सांभाळायला तुमच्यातला एखादा सीए किंवा निवृत्त बँक अधिकारी पाच वर्षांसाठी तयार असेल तरच त्या वाटेला जा. तोवर एक वही ठेवा: तारीख, कोण आले, काय केलं, किती पट्ट्या लागल्या, खर्च कोणी केला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी स्ट्रेचिंग करताना ती मोठ्यानं वाचून दाखवा. पुढे नोंदणी करायची झालीच, तर गेल्या वर्षभरात नेमकं काय केलं हे धर्मादाय कार्यालयात सांगताना ती वहीच हाताशी असेल.